सभापतींची पांढरी टोपी

सभापती इंगवल्यांनी फवारणीपंपाचं इंजिन हमिदा शिकलगारच्या गॅरेजात आणून आदळलं. "परवा दुरुस्त केलंस नि आज जाम! कुलूपच लावतो तुझ्या गॅरेजला."

हमिदाने इंजिन सुरू करायची दोरी ओढली, ती हलेना. "साहेब, ऑइलविना चालवलंय. आत पिस्टन चिकटलाय."

"खोटं! काल मी स्वतः काठोकाठ ऑइल भरलं."

बघ्यांची गर्दी जमली. हमिदाने पाना उचलला. "मग तुमची पांढरी टोपी खाली धरा. मी ऑइल सोडायचा खालचा बोल्ट काढते. टोपी काळी झाली, तर कुलूप मीच लावते."

गर्दीसमोर सभापतींना नाही म्हणता येईना; त्यांनी टोपी खाली धरली. बोल्ट निघाला, थेंबही पडला नाही.

"अभिनंदन, साहेब! टोपीला डाग नाही."

गर्दी खो खो हसली. टोपी स्वच्छ राहिल्याचं सभापतींना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.