तीनदा वाचलेली कादंबरी

कुमुदबाई पोळीभाजी केंद्र चालवत. सिनेमा असो, पुस्तक असो की लग्नातला मठ्ठा, विचारलं की मनातलं सांगत. वाचनालयाच्या सभेत त्या म्हणाल्या, "बक्षिसासाठी आलेली ही कादंबरी मला कंटाळवाणी वाटली."

अध्यक्ष आबासाहेब भडकले. "पोळ्या लाटणारीला साहित्यातलं काय कळतं? आपल्याकडे आलेली ही एकच प्रत मी शेवटापर्यंत तीनदा वाचलीय. उद्यापासून तुम्ही निवड समितीत नाही!"

कुमुदबाईंनी तीच प्रत सर्वांसमोर उघडली. "मी पहिल्या चाळीस पानांचंच बोलले, आबासाहेब. पुढची पानं छापखान्यात कापायची राहिलीत, अजून एकमेकांना जोडलेलीच आहेत. पुढची गोष्ट तेवढी तुम्हीच सांगा."

आबासाहेबांनी पाणी मागवलं. कुमुदबाई समितीतच राहिल्या.