घंटेलाही शब्बाथ

एका राज्यात राजाच्या वेशीवर एक घंटा टांगली होती. एका जादूगाराने नजराणा म्हणून दिलेली. दोर ओढून जो जे मागे, तसा सृष्टीचा नेम वळे. राजाला वाटले, प्रजा सुखी होईल. पण कुंभाराने ऊन मागितले, त्याच घटकेला माळ्याने पाऊस. दोन्ही आले, मडकीही गेली, मळाही गेला. ओढा डोंगर चढू लागला. तीळ पेरावे तर मिरची उगवे. राजा स्नानाला बसला तर पाणी छताला चिकटले. देव कुणाचे ऐकतो नि कुणाचे नाही, कुणालाच उमजेना.

अशात एका मिठागरवाल्याने मागितले, "भरती नको." खाडी आटली. शेगुला तेलिणीचा नवरा हसाजी तेलाचे बुधले घेऊन होडीतून परतत होता, तो मधोमध चिखलात रुतला. चालत जावे तर चिखल माणूस गिळे. तिसऱ्या दिवशी त्याने काठावरच्या शेगुलाला रिकामी घागर उलटी करून दाखवली. प्यायचे पाणी संपले होते.

शेगुलाने पदर पसरून आपल्या यहुदी लोकांच्या नबीला नवस केला. "एलियाहू हन्नाबी, धनी घरी आला तर पोहे, गूळ, नारळ घालून मलिद्याचं ताट करीन."

कुंपणावरची टिटवी बोलली, "बाई, आपला नेम न विसरलेल्या तीन गोष्टी शोध. तिसरी सापडेल तिथे घंटेचा शाप तुटेल."

"तू कोण गं?"

"मलाच कळत नाही. काल मी म्यांव केलं."

शेगुला घरी आली. नवसाचा नारळ हाती घेतला. त्याला डोळे तीनच, त्यातला एकच मऊ. हा एक. घाण्याचा बैल पवळ्या मध्येच थांबून मान पुढे करून उभा. शुक्रवारची सांज होत आली होती. सांजेपासून शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस; त्यात बैलालाही विसावा, म्हणून हसाजी याच वेळी जू उतरवी. तिने ते उतरवले. हा दुसरा.

तिसरी गोष्ट कुठेच दिसेना. गोंधळून ती वेशीकडे धावली.

"ओढ की! मुहूर्त बघतेस का?" कुंभारीण ओरडली. "एक हिसका, की भरती!"

शेगुलाने दोर धरला. ऊन मागणाऱ्याने मळा घालवला, मीठ मागणाऱ्याने हसाजीला रुतवले. आज मी ओढला, तर उद्या कुणाचा धनी? ती शिडीवर चढली आणि घंटेतला लोलक सोडू लागली.

गलका ऐकून आलेला राजा म्हणाला, "बाई, हे काय आरंभलेस?"

"महाराज, हिला एकही शब्बाथ मिळालेला नाही. सातव्या दिवशी देवही थांबला. आपण मागणारे जरा थांबू."

"आणि तुझा नवरा?"

ती गाठ सोडत राहिली. "देवाने भरतीला नेम लावला, तेव्हा हसाजी त्याच्या ध्यानात होताच."

लोलक खाली आला. "तिसरी गोष्ट तुझे हात, सांजेला सोडायचं ते विसरले नाहीत," वेशीवर येऊन बसलेली टिटवी म्हणाली, आणि टिटिव टिटिव करीत उडाली. ओढा डोंगर उतरला. खाडीत पाणी चढू लागले.

शब्बाथचे दिवे लावण्याआधी होडी काठाला लागली. पाणी पिऊन हसाजीने पहिले विचारले, "बैल सोडलास?"

"घंटाही सोडली."

"घंटा? ती कशी?"

"आधी घरी चला."

नवसाच्या ताटाला राजा आला. मलिदा खाता खाता म्हणाला, "चमत्कार झाला, की भरतीची वेळच झाली होती?"

"मलाही उमजत नाही, महाराज. गूळ कमी नाही ना, तेवढं सांगा."

जशी हसाजीची होडी काठाला लागली, तशी वाट पाहणाऱ्या प्रत्येकीच्या माणसाची लागो.