खोकडाचा ग्रुप

माझं, भागा टिटवीचं, कुणी ऐकलंच नाही. गोष्ट जुनी आहे, माळावर नुकते मोबाईल आले होते तेव्हाची.

पाणवठ्याच्या सरपंचकीला खोकड उभा राहिला. त्यानं ग्रुप काढला, रोज फुलं आणि सुप्रभात पाठवायला लागला. मग फॉर्म आला. राहतं झुडूप कोणतं, पिल्लं किती? मतदानाला न्यायला गाडी येणार म्हणे!

"अगं सशीणबाई, घरचा पत्ता खोकडाला देतेस?" मी ओरडले.

"तू गप गं! दादांनी माझ्या पिल्लांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या. तुझ्या अंड्यांना विचारतंय कोण?"

लावा पक्ष्यानं तर शेजाऱ्यांचेही पत्ते भरून टाकले.

खोकड निवडून आला. आठवड्याच्या आत सशिणीची तिन्ही पिल्लं गेली, सरळ झुडपातून.

सभा बसली. सशीण ऊर बडवून विचारत होती, "माझं झुडूप दाखवलं कुणी?"

लावा म्हणाला, "ग्रुपात सगळे आपलेच. बाहेर एकटी कोण राहिली होती?"

सरपंचांनी तिथंच ग्रुपवर मतं मागवली. पटापट अंगठे आले. सशिणीचा पहिला. गुन्हेगार म्हणून नाव लागलं, भागा टिटवी.