बाजारापुरती भाषा

फार जुनी गोष्ट आहे. गाव डोंगराच्या अलीकडे होतं की पलीकडे, हे आता नक्की आठवत नाही. तिथले गुरुजी मात्र आठवतात. खूप शिकलेले आणि तितकेच धास्तावलेले. फळ्यावर साधी बेरीज लिहिली तरी पुन्हा ताडून पाहायचे.

त्यांच्या शाळेत परमुलखातून आलेल्या, टोपल्या विणणाऱ्या बाईची मुलगी आली. तिला गावची भाषा येईना. गुरुजींनी आईला बजावलं, "घरीसुद्धा आमच्याच भाषेत बोला. पोर लवकर शिकेल." आईने मान डोलावली.

पण पोर शिकायची सोडून गप्पच होत गेली. मुलं "मुकी, मुकी" म्हणून चिडवू लागली. शेवटी, हिला शाळा झेपत नाही, घरीच ठेवा, असं सांगायला गुरुजी एका संध्याकाळी तिच्या घरी गेले.

अंगणातच त्यांना ऐकू आलं.

"पाणी आण."

"आणलं."

"जेव."

"जेवते."

मग नुसता भांड्यांचा आवाज.

"एवढंच बोलता?" गुरुजींनी विचारलं.

आई शब्द जुळवत म्हणाली, "गुरुजी, तुमची भाषा मला बाजारापुरती येते. लाड कशात करू? गोष्ट कशात सांगू? आमच्या भाषेत बोलले, तर हीच माझ्या तोंडावर हात ठेवते. म्हणते, गुरुजी रागावतील."

गुरुजी आले तसे परतले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. चुकलो म्हटलं, तर उद्या कोण ऐकेल? आणि तसं म्हटलं नाही, तर ही पोर कायमची मिटून जाईल.

सकाळी ते वर्गापुढे उभे राहिले. "हिच्या आईला मी चुकीचं सांगितलं. आज जाऊन तसं सांगणार आहे."

"गुरुजी, तुम्हीपण चुकता?"

"चुकलो ना. छडी कोण आणतंय?"

वर्ग खो खो हसला. गुरुजी मुलीला म्हणाले, "बाळ, तुझ्या भाषेत एक गोष्ट सांग."

"आम्हाला कळली नाही तर?" एकाने विचारलं.

"तर हिलाच विचारायची."

मुलगी आधी नुसती पुटपुटली. पण गोष्टीत अस्वल आलं, आणि ती अशी गुरगुरली की पहिली रांग मागे सरकली. "अगं, पुढे काय झालं?" मुलं ओरडली. सांगायची तिला इतकी घाई, की ती आपणहून गावचे शब्द शोधू लागली. अडली, की मुलं पुरवू लागली.

गुरुजींना मात्र एक शंका राहिलीच. पोर मुळातच अबोल असली तर? बऱ्याच वर्षांनी जत्रेत तिची आई भेटली, तेव्हा त्यांनी विचारून टाकलं, "या गावात येण्याआधी बोलायची का हो ती?"

"आधी? गप्प बस म्हणून शेजारी हात जोडायचे, गुरुजी! आणि आता तर दोन्ही भाषांत भांडते."

तात्पर्य, सांगायचंच झालं तर: मुलाची घरची भाषा वर्गाबाहेर ठेवली, तर मूलही बाहेरच राहतं. त्या भाषेला आत बोलवावं. नवी भाषा तिचंच बोट धरून येते.