शिष्याची बाजू

“पण या अध्यायाचा गूढार्थ मी लावला तोच खरा ना, बाबा?”

श्रीधरशास्त्री कायगावकर पुन्हा तेच विचारत होते. सकाळीच ते नदीकाठच्या मठात येऊन बसले होते. बसणं कसलं... घडीत उपरणं सावरत, घडीत दाराकडे बघत. पंचक्रोशीत त्यांच्या प्रवचनाला तोड नव्हती. तरी हल्ली रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता.

निरंजनबाबा वाल सोलत होते.

“खरा की खोटा, मला काय कळणार? वाचा तर खरं.”

शास्त्रीबुवांनी पोथी उघडली. देव आणि शिष्य यांचा संवाद होता तो. शिष्य विचारतो, देव सांगतो. बघता बघता मठ त्यांच्या आवाजानं घुमू लागला.

“थांबा,” बाबा म्हणाले. “शिष्य बोलतो तिथे तुम्ही घाईनं पुढे जाता. देव बोलला की मात्र आवाज चढतो.”

“देवाची वाणी ती! चढणारच.”

“देवाची?... मला वाटलं, तुमची.”

शास्त्रीबुवांचे कान तापले. पण उठवेना.

“आता नुसतं शिष्याचं वाचा,” बाबा म्हणाले.

“त्यात कसलं आलंय गूढ? नुसते प्रश्न.”

“वाचा.”

नाइलाजानं त्यांनी पान मागे उलटलं.

‘मी गोंधळलो आहे.’

मग पुढचं पान.

‘तू सांगतोस ते मनाला पटत नाही.’

आवाज खाली खाली येत गेला.

‘मला कळत नाही, देवा. म्हणून मला टाकू नकोस...’

इथे ते अडले.

“हेच म्हणाला होता तो...”

“कोण?”

“बल्लाळ. माझा शिष्य. भर सभेत उठून म्हणाला, ‘गुरुजी, हे पटत नाही.’ लोक हसले. मी त्याला पाठशाळेतून घालवून दिलं. जाताना पायाशी बसला. म्हणाला, ‘कळलं नाही म्हणून विचारलं हो.’ मी तोंड फिरवलं.”

बाबांचे हात थांबले.

“खरं सांगू, बाबा? त्याच्या शंकेचं उत्तर मलाही येत नव्हतं. अजून येत नाही.”

नदीवर कुणीतरी नावाड्याला हाक मारत होतं.

शास्त्रीबुवा ताडकन उठले. पुन्हा बसले.

“पैलतीरी मामाकडे असतो तो. आत्ता निघालो तर नाव मिळेल. जातो मी... पण त्याच्यासमोर उभा राहून बोलू काय?”

ते भराभर पानं चाळू लागले.

“थांबा, देवाचं उत्तर तेवढं वाचून घेतो, म्हणजे...”

बाबांनी पोथीवर हात ठेवला.

“वाचलंत तेवढं पुरे.”