निंबाजीचा ओळंबा

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात निंबाजी नावाचा एक गवंडी राहत होता. गावाच्या वेशीवर चार रस्ते एकत्र येत. कोकणातून मिठाचे बैल, देशावरून धान्याच्या गाड्या. कोंडी अशी व्हायची की बैलांना मान वळवायला जागा उरत नसे. शेवटी राजाने ठरवलं, एक रस्ता भराव घालून उंच न्यायचा आणि दुसरा त्याच्या पायथ्याने काढायचा. भरावाची माती अडवायला तीन पुरुष उंचीची भिंत हवी होती. ते काम निंबाजीला मिळालं.

अशा भिंतीमागे दगडगोटे आणि मुरूम भरतात, म्हणजे पाणी झिरपून निघून जातं. निंबाजीला हे पाठ होतं. पण रस्ता खुला करायचा मुहूर्त तोंडावर आला आणि शेवटच्या वीस हातांत त्याने शेजारच्या शेतातली काळी माती लोटून दिली. आत कोण बघतंय? राजाने भिंत पाहिली, खूश झाला आणि मानाचं पागोटं निंबाजीच्या डोक्यावर ठेवलं.

महिन्याभराने अवकाळी पावसाच्या दोन सरी आल्या. काळी माती पाणी पिऊन फुगते. निंबाजीने भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडून पाहिला. पूर्वी खाली दगडाला टेकणारा लंबक आता दगडापासून बोटभर दूर लटकत होता. तिसऱ्या दिवशी दोन बोटं. भिंत बाहेर कलत होती, पण बघणाऱ्याला सरळच दिसत होती.

त्या दिवशी बाजार होता. भिंतीच्या सावलीत भाजीवाल्या बसल्या होत्या. वांगी विकणारी भागाबाई हसून म्हणाली, "निंबाजीदादा, तुमच्या भिंतीनं सावली बाकी झ्याक दिली."

निंबाजीला तिच्याकडे बघवेना. आधी त्याने सगळ्या बायकांना तिथून उठवलं. मग घरून पागोटं घेतलं आणि तडक राजवाडा गाठला.

"महाराज, भिंत उतरवावी लागेल. चूक माझी आहे," असं म्हणून त्याने पागोटं राजासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

राजाचा कारभारी निंबाजीच्या कानाशी लागला. "अरे, भिंत तर ताठ उभी आहे. कोणाला कळलंय?"

"ओळंब्याला कळलंय," निंबाजी म्हणाला.

राजाने विचारलं, "पाडणार कोण?"

"मीच. आधी टेकू देईन, मग वरून एकेक थर काढीन."

राजाने पागोटं ठेवून घेतलं आणि पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली. निंबाजीने वीस हात भिंत उतरवली, काळी माती उपसली, दगडगोटे भरले, पाण्याला वाट म्हणून भोकं ठेवली आणि भिंत पुन्हा चढवली. या वेळी ना मुहूर्त झाला, ना कुणी वाजतगाजत आलं.

श्रावणात आठ दिवस झड लागली. भिंतीच्या भोकांतून पाणी वाहत होतं आणि भागाबाई त्याखाली वांगी धूत होती. निंबाजीने ओळंबा सोडला. लंबक दगडाला टेकला. उघड्या डोक्याने, भिजत, तो कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला.

तात्पर्य: झाकलेली चूक आतल्या आत फुगत जाते आणि विश्वासाने सावलीला बसलेल्या माणसांवर कोसळते, म्हणून मान गेला तरी चालेल, पण आपली चूक आपणच वेळेवर सांगावी.