सोनकीची खाज

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा असं गाव तोंडावर म्हणायचं; पाठीमागे काय म्हणायचं ते लिहिण्याजोगं नाही. तो माणूस म्हणजे मी, तातोबा. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवली असती, पण आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, एवढी अक्कल दुसऱ्या कुणाला नाही.

घरात माझी बायको हौसा आणि तिचं मांजर सोनकी. मांजर तिनं माहेराहून आणलेलं. सासऱ्यांनी मला दिलेलं घड्याळ वर्षात बंद पडलं, मांजर अजून चालू आहे.

पाऊस सरला, शिवारात गाजर गवत पांढरं फुललं आणि सोनकी खाजवायला लागली. मान खाजवी, कान खाजवी, पोट चाटून चाटून तिथले केस गेले. नेमकं तेव्हाच हौसाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. पिशवी भरून हौसा दारात उभी राहिली.

"ह्ये बगा, मी येईतोवर सोनकीची खाज गेली पायजे. न्हाईतर तिला घिऊन मी कायमची म्हायेरी जाईन."

"आन् मी?"

"तुमी खाजवत बसा."

मला हौसाशिवाय करमत नाही. ती ओरडली नाही तर दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही. म्हणून मी सोनकीला भाजीच्या पिशवीत घातलं आणि गुरांच्या दवाखान्यात गेलो. पुढे म्हैस, मागे दोन शेळ्या, मधे आम्ही. निंबाळकर डॉक्टरीणबाईंनी तिला उलटंपालटं करून पाहिलं.

"पिसवा झाल्यात. हे थेंब लावा. पण हिची जीभ पोचणार नाही अशाच जागी लावा हं."

घरी येऊन मी विचार केला. सोनकीची जीभ कुठं पोचत नाही? फळीवर पोचते. शिंक्यावर पोचते. आढ्यावर तर ती उंदरांमागे रोज जाते. शेवटी शिडी घेतली आणि दारासमोरच्या विजेच्या खांबाला, हात पुरेल तितक्या उंच, औषध लावलं. वायरमन खालून शिव्या देत होता. पण त्याला मांजर नाही, त्याला काय कळणार?

खाज काही थांबली नाही. मी पुन्हा बाईंकडे गेलो.

"कुठं लावलं होतं औषध?"

"खांबाला."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी होतो तसाच दिसलो असणार.

"अहो, मांजराला लावायचं! मानेवर, केस बाजूला सारून, कातडीला. समजलं?"

"समजलं."

थेंब त्यांनी स्वतःच लावले आणि मला गोळ्या दिल्या. "रोज एक."

आता चुकायचं नाही, मी ठरवलं. घरी येऊन सोनकीच्या मानेवरचे केस बाजूला सारले आणि कातडीवर गोळी ठेवली. पडली. पुन्हा ठेवली. पुन्हा पडली. मग पिठाची खळ केली आणि चिकटवली. दुसऱ्या दिवशी दुसरी, तिसऱ्या दिवशी तिसरी. शेजारची पारूमावशी कुंपणावरून बघत होती.

"तातोबा, मांजर माळकरी केलंस व्हय रं? आता मासं कसं खाईल ती?"

मी पुन्हा दवाखान्यात.

"गोळी पोटात जायला हवी!" बाई म्हणाल्या. "खाण्यात कालवून द्यायची. तिला पत्ता लागू द्यायचा नाही. आता समजलं?"

"आता समजलं."

खळ धुऊन काढायला त्यांनी एक बाटली दिली. "हा मांजराचा शांपू." पुढे काही सांगणार तोच बाहेर म्हशीनं दावं तोडलं आणि बाई धावल्या. मला तरी पुढचं कशाला हवं होतं? खाण्यात कालवायचं, पत्ता लागू द्यायचा नाही. मी भात शिजवला, शांपू कालवला, वरून सुकट पेरली. सोनकीनं हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेपटी वर करून निघून गेली. अन्न टाकू नये असं आमच्या आईनं शिकवलेलं. मग तो भात मी खाल्ला. पुढे दोन दिवस ढेकर दिला की तोंडातून फुगा निघायचा, आणि गावातली पोरं माझ्यामागे 'आणखी एक, आणखी एक' करत फिरायची.

"बाटलीतलं खातात का तातोबा?" बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "बाटलीतलं अंगाला चोळायचं. मग कोमट पाण्यानं अंघोळ!"

बाटलीतलं अंगाला. हे मी तिथंच बसून घोकायला लागलो. त्या नादात बाईंनी माशाच्या तेलाची बाटली कधी हातात दिली आणि ते कसं द्यायचं म्हणाल्या, काही ऐकू आलं नाही.

योग कसा बघा, दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानाचा दिवस. पहाटे उठून मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, पणती लावली, सोनकीला पाटावर बसवलं आणि माशाच्या तेलानं चांगलं रगडलं. उरलेलं तेल वाया कशाला घालवायचं? वर्षाचा सण. ते मी माझ्या अंगाला लावलं.

अंघोळीचं पाणी तापायच्या आत गल्लीतली मांजरं जमली. मग खालच्या आळीतली आली. मग मी ज्यांना ओळखत नव्हतो अशीही आली. सोनकी चतुर, ती फळीवर चढून बसली. माझं वजन फळीला पेललं नसतं. मी पळत देवळात गेलो आणि दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो. रांगेत माणसं कमी, मांजरं जास्त. पुजारी म्हणाला, "तातोबा, तू आधी दर्शन घे आणि लवकर जा."

तसाच दवाखान्यात गेलो. बाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता तुम्ही एकही औषध द्यायचं नाही. मांजराला रोज इकडे आणा, मी देते. पिसवा गेल्या तरी खाज आहे, म्हणजे ही मोसमी ॲलर्जी आहे. कशाची तरी बाधा होतेय. तुम्ही फक्त लक्ष ठेवा. काय जवळ आलं की ती खाजवते? ते ओळखायचं आणि घरापासून लांब ठेवायचं. बास."

हे मला जमलं. दवाखान्यात पिशवीतून न्यायचो तेवढंच, एरवी सोनकीला बाहेर सोडलं नाही. दारं-खिडक्या लावून तिच्यासमोर बसून राहिलो. ती माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे. हळूहळू खाज गेली. पोटावर केस आले. मला इतका आनंद झाला की मी एकटाच अंगणात फुगडी घातली.

आणि हौसा आली. स्टँडवरून लवकर यायचं म्हणून ती शिवारातल्या पायवाटेनं आलेली. पदरभर गाजर गवताचा पांढरा फुलोरा लागलेला. ती टेकते तोच सोनकीनं तिच्या मांडीवर उडी मारली.

"माजी बाय गं! कशी मऊमऊ झाली!" हौसा माझ्याकडे बघून हसली. "तुमी एक काम नीट केलंसा बगा."

लग्न झाल्यापासून असं ती पहिल्यांदा म्हणाली. तेवढ्यात सोनकीनं हौसाच्या पदरावर तोंड घासलं, मागचा पाय उचलला आणि मान खाजवली. खर्र, खर्र.

मी हादरलो. इतके दिवस खाज नव्हती. काय जवळ आलं?

हौसा.

मला रडू फुटलं, पण इलाज नव्हता. मी सोनकीला आत ठेवून दार लावलं आणि हौसाची पिशवी उचलली.

"ऊठ. परतीची गाडी अजून हाय."

"कुटं जायाचं?"

"तुज्या म्हायेरी. तुज्यामुळं खाज सुटती."

"माज्यामुळं?"

"व्हय. तुला लांब ठेवायचं. डाक्टरीणबाईंनीच सांगितलंया."

"कोन ही डाक्टरीणबाई?" हौसानं पदर खोचला आणि माझ्यापुढे तरातरा स्टँडकडे निघाली. "जाते मी! आता तुमी न्यायला आलासा तरी यायची न्हाई!"

मला थोडा धीर आला. खाजेचं कारण आपल्याच तोंडानं लांब राहायचं कबूल करत होतं.

गाडी धुरळा उडवत गेली. मी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत उभा होतो, तोच बाई स्कूटरवरून आल्या.

"काय तातोबा, मांजर कसं आहे?"

"येकदम ब्येस."

"वा! मग, खाजेचं कारण सापडलं का?"

"सापडलं की बाई. आत्ताच येष्टीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली."